मॉरिसची पाठवणी

धंतोली, नागपूर
१२ सप्टेंबर १९७८

चि. सौ. नीला हिस, ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. पहिलं पानभर माझ्या गुडघ्यांची चौकशी होती, तेव्हाच मला वाटलं की दुसऱ्या पानावर ही बाई काहीतरी मागणार. मागितलंसच. बाबांची मॉरिस डेहराडूनला पाठवून दे म्हणतेस, जशी काही मी लोणच्याची बरणीच पाठवते आहे. अगं, गाडी चाळीस वर्षांची आहे. वर्धा रोडवर जरा जोरात नेली तरी तिला धाप लागते. ती अर्धा हिंदुस्थान ओलांडून हिमालयाच्या पायथ्याशी कशी यायची?

तुमच्या पोर्चमध्ये शरच्चंद्ररावांची ॲम्बॅसडर आहे. मग हिची गरज कशाला, ते तू लिहिलं नाहीस, पण तुझ्या जाऊबाईंनी मला न विचारता कळवलं. तुमच्या क्लबातर्फे म्हणे वसंतात जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते. त्यात कुठल्याशा ब्रिगेडियरच्या बायकोची गाडी पहिली येते आणि ते तुला सोसत नाही. नीला, तुला बाबांची आठवणच हवी असती तर तू त्यांचा चष्मा मागितला असतास. पण चष्मा मिरवता येत नाही.

मी ह्याच गाडीतून शाळेत जात होते. धोंडबा फाटकापाशी हॉर्न वाजवायचा आणि मोठ्या बाई आल्या म्हणून दहावीची वांड पोरंसुद्धा आपोआप रांगेत उभी राहायची. निवृत्त झाल्यापासून शाळा गेली, रांग गेली. रविवारी संध्याकाळी धोंडबा मला अंबाझरीच्या तलावावर नेतो, तेवढं राहिलं आहे. तेही तुला दिलं की मी सायकलरिक्षात बसून भाजी आणायला मोकळी.

आणि एक गोष्ट आजवर कोणाला सांगितली नव्हती, ती आता सांगते. बाबा शेवटच्या आजारात इस्पितळात होते, तेव्हा त्यांनी उशीखालून किल्ली काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "शामला, गाडी तुझी." तेव्हा तिथे दुसरं कोणी नव्हतं. मी दवंडी पिटली नाही, कारण मला गरज वाटली नाही. आता वाटते आहे.

घरातल्या सर्वांस यथायोग्य. माझ्यावरचा लोभ आहे तेवढाच पुरे, वाढवण्याच्या खटपटीत पडू नये.

तुझी,
शामलाताई


डेहराडून
३ ऑक्टोबर १९७८

ती. ताईस, नीलाचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा नाही. ब्रिगेडियरच्या बायकोबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे. मी काही संत नाही. पण तेवढ्यासाठी मी तुझ्याकडे तोंड वेंगाडलं नसतं.

तू इस्पितळातलं सांगितलंस, आता माझं ऐक. माझ्या लग्नात, वरात निघायच्या वेळी, बाबा मला मॉरिसपाशी घेऊन गेले. तू आत आईला सावरत होतीस. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि माझ्या कानाशी म्हणाले, "नीला, ही तुझी. नेशील तेव्हा ने." ताई, एकतीस वर्षं मी ते एक वाक्य जपून ठेवलं आहे. इथल्या थंडीत, ह्यांच्या बदल्यांत, माझा संजू कॅनडाला गेला तेव्हा, मी ते काढून बघत होते. बाबा असताना गाडी नेली नाही, कारण ती त्यांना लागत होती. पुढे तू वापरत होतीस म्हणून नेली नाही. आता मी मागते आहे.

तुला एक कळत नाही. तुला बाबा रोज मिळाले. सकाळचा चहा, संध्याकाळचा पेपर, त्यांच्या खोकल्याचा आवाज, सगळं तुझं. मला वर्षातून पंधरा दिवस, तेही मे महिन्याच्या उन्हात, आणि त्यातही तू येऊन म्हणायचीस की बाबा दवाखान्यातून दमून आलेत, त्यांना आता पडू दे. मला तुझा हेवा वाटतो, ताई. कायमच वाटत आला आहे. तू मोठी, हुशार, मोठ्या बाई, वर बाबाही तुझ्याच वाट्याला. निदान गाडी तरी मला दे.

रागावलीस तरी पत्र टाक. न लिहिण्याची शिक्षा मात्र करू नकोस, ती तुला फार छान जमते.

तुझी,
नीला


धंतोली, नागपूर
१९ नोव्हेंबर १९७८

चि. सौ. नीला हिस, आशीर्वाद. ह्या वेळी अनेक नाहीत, बेताचेच.

तुझी मॉरिस काल निघाली.

माझी वाकुडी जीभ तुला माहीत आहे, पण कॉन्व्हेंटात सिस्टरांनी मला एक गोष्ट छडी मारून शिकवली होती, की दुसऱ्याची वस्तू आपल्या कप्प्यात सापडली तर ती आपल्या पायांनी जाऊन परत द्यायची. बाबांनी तुला आधी दिली होती. म्हणजे मला जी दिली ती तुझीच होती आणि ते विसरले होते. शेवटी शेवटी ते बरंच काही विसरत. मी आजवर समजत होते की त्यांनी त्या दिवशी सगळ्या जगातून मला निवडलं. ते राहू दे.

रेल्वेच्या वाघिणीसाठी धोंडबा मालधक्क्यावर चकरा मारून थकला. शेवटी स्वयंपाकघरातल्या आपल्या प्रयागबाईच्या जावयानं तोड काढली. आंबिया बहाराची संत्री दिल्लीला जातात, त्यातल्याच एका ट्रकात गाडी चढवायची, आणि दिल्लीहून पुढे तोच ट्रकवाला सरदारजी डेहराडूनला पोचवील. संत्रा मार्केटच्या मागे मातीचा एक उंचवटा आहे. ट्रक त्याला पाठ लावून उभा केला आणि हमालांनी मॉरिस ढकलत आत नेली. पेट्रोल काढून घेतलं होतं. चाकांना लाकडी ठोकळे, चारी बाजूंनी दोर, आणि उरलेल्या जागेत संत्र्यांच्या पेट्या. संत्र्यांच्या मालकाला जागा रिकामी बघवेना, तर त्यानं मागच्या सीटवरही पेट्या रचल्या. माझ्या जागेवर संत्री बसून गेली.

पाठवणीला प्रयागबाईही आली होती. ट्रक हलायच्या आधी ती वर चढली, बॉनेटला हळदकुंकू लावलं आणि खण-नारळ ठेवून गाडीची चक्क ओटी भरली. म्हणाली, लेक सासरी चालली वं बाई, रिकामी कशी धाडता. असल्या प्रकारांना मी एरवी दोन शब्द सुनावले असते. काल सुचले नाहीत.

धोंडबा बरोबर गेला आहे, पाठराखीण म्हणून. लग्नातली पाठराखीण चार दिवसांनी परत येते, हे तुला आठवत असेलच. त्याला ठेवून घेऊ नकोस.

आज रविवार. संध्याकाळी मी घरीच बसले आहे. क्लबात पहिली आलीस की कळव. नाही आलीस तरी कळव, मला तेवढंच बरं वाटेल.

तुझी,
शामलाताई


डेहराडून
२ डिसेंबर १९७८

मोठ्या बाईसाहेबांना धोंडबाचा जयभीम.

गाडी पोचली जी. येक ओरखडा नाही. चवथीपर्यंतची शाळा हाय माही, चुकभूल माफ करा.

मी सारा रस्ता गाडीतच बसून राहिलो. सरदारजी म्हणे, बाबा, केबिनमंदी ये, थंडी लय हाय. मी म्हटलं, नाही जी, डॉक्टरसाहेबाची गाडी हाय, तिले येकटं कसं सोडू. ग्वाल्हेरच्या इकडं धाब्यावर मानसं जमा झाले. इचारू लागले, किस राजा की है. मी बी सांगून देलं, नागपूर के राजा की. त्याहिनं मले फुकट चहा पाजला.

इथं नीलाबाईनं गाडीले ओवाळलं. दाराले हात लावून लय रडल्या. मंग मले व्हरांड्यात चहा देऊन इचारलं, का धोंडबा, साहेबानं मले लग्नात गाडी देली होती, तुले ठाव हाय का. मी म्हटलं, ठाव काहून नसंन, मी तिथंच फडकं घेऊन उभा होतो. पन साहेबाचा सभावच तसा होता जी. मन भरून आलं का गाडी देऊन टाके. मलेच तीनदा देली. येकदा माही पोरगी म्याट्रिक पास झाली तवा. येकदा नाग नदीच्या पुरातून मी गाडी ढकलत आनली तवा. अन् येकदा त काहीच नव्हतं. सांजच्याले फाटकापाशी बसलो होतो, चांदनं पडलं होतं. म्हणे, धोंडबा, गाडी तुही. प्रयागबाईले वडे चांगले झाले म्हणून देली होती. दुसऱ्या दिवशी कोनी काही बोलत नव्हतं. गाडी आपली तिथंच राहे.

मले वाटलं नीलाबाई हासतीन. त्या हासल्या नाही. उठून आत गेल्या. आपले जावई शरदसाहेब मात्र पोट धरून हासले.

मी काही वंगाळ बोललो का जी? इथं थंडीनं बोटं वाकडे झाले. तुमच्या तोंडच्या शिव्या आयकाले मिळत नाही, करमत नाही.

तुमचा,
धोंडबा


डेहराडून
११ डिसेंबर १९७८

ती. ताईस, नीलाचा नमस्कार.

धोंडबानं तुला लिहिलं आहे, असं त्यानंच सांगितलं. म्हणजे तुलाही आता कळलं असेल. मला वाटत होतं, ते वाक्य जगात फक्त माझ्याकडे आहे. ते वड्यांनाही मिळालं होतं.

दोन दिवस मी गाडीकडे फिरकले नाही. मग गाडीत जाऊन बसले. बाबा कुठे सापडतात का बघत होते. ताई, त्या गाडीत बाबा नाहीत. सीटच्या कव्हरांवर तुझी बारीक धावदोऱ्याची शिवण आहे, पुढच्या कप्प्यात तुझी लाल पेन्सिल, तुझ्या केसांच्या पिना, पेपरमिंटची पुडी. मी बाबांची गाडी मागितली होती आणि तू तुझी पाठवलीस. तिथंही तूच. मला पुन्हा तुझा इतका राग आला की काय सांगू.

तेव्हा मी ठरवून टाकलं आहे, आणि हे ऐकून तू पत्र फाडशील. गाडी मला नको. पण तुझ्याकडे परत पाठवायला माझा हात धजत नाही, इतकी मी वाईट आहे. ती तुझ्या फाटकात उभी आहे, हे मला इथून दिसत राहील. माझ्याकडे असली की तुला दिसत राहील. आपल्या दोघींचाही जीव जळणार नाही असा एकच माणूस आहे, आणि बाबांनी ती त्याला आपल्याहून जास्त वेळा दिली आहे. धोंडबाला सांगितलं तेव्हा तो आधी घाबरला आणि मग त्यानं टायर बदलावे लागतील म्हणून सांगितलं. कागदांवर मी सही करते आहे. तुझी लागेल. करशील ना?

क्लबात ब्रिगेडियरची बायको पहिली येऊ दे.

तुझी,
नीला


धंतोली, नागपूर
५ मार्च १९७९

चि. सौ. नीला हिस, ताईचे आशीर्वाद.

सही केली. तुझं पत्र फाडलं होतं, मग पत्ता हवा म्हणून जुळवलं. तू एका बाबतीत साफ चुकलीस. आपला जीव जळणार नाही म्हणालीस. माझा चांगला जळतो आहे.

गाडी ट्रकातून, बासमतीच्या पोत्यांमागून परत आली. आता ती इथेच इंदोरा वस्तीत धोंडबाच्या दारात उभी असते आणि लग्नसराईत नवरा-नवरीला घेऊन फिरते. त्यानं तिच्या पुढच्या जाळीला झेंडूच्या माळा बांधायला दोन हूक लावले आहेत. बाबांच्या गाडीला हूक. परवा ती आपल्या फाटकावरून गेली, आत एक घामानं निथळणारा नवरदेव, आणि धोंडबानं मला बघून हॉर्न वाजवला. मी मान फिरवली. मला वरचेवर एकच आठवतं. मला बाबांनी गाडी एकदा दिली, तीही आजारपणात. त्याला तीनदा, आणि त्यातून एकदा तर नुसतं चांदणं पडलं होतं म्हणून. नीला, आपल्याबरोबर असताना कधी चांदणं पडलंच नाही का?

महिनाभर मी त्याच्याशी अबोला धरला. त्याच्या ते लक्षातही आलं नाही. काल रविवारी संध्याकाळी तो गाडी घेऊन दारात हजर, धुतलेला शर्ट घालून. म्हणाला, चला अंबाझरीले. मी म्हटलं, तुझी गाडी, तुझं पेट्रोल, मी कोण? तर म्हणे, मंग काय नवरदेवच फिरवू का जी जल्मभर? प्रयागबाई मागून खुदकन हसली. मी बसले.

तलावावर वारा छान होता. गाडीचं पितळ त्यानं असं घासलं होतं की मला राहवलं नाही. मी त्याला म्हटलं, धोंडबा, बाबांच्या वेळीसुद्धा दिवे इतके लखलखत नव्हते. हे खरंच होतं, म्हणून म्हटलं. त्यानं फडकं काढून दिव्यावरून पुन्हा एकदा फिरवलं. मग त्यानं बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाला, "गाडी त तुमचीच हाय जी, बाईसाहेब."

मला माहीत आहे, त्यालाही आता ती सवय लागली आहे. मागच्या आठवड्यात त्यानं ती प्रयागबाईला दिली, हे तिनंच मला सांगितलं. मला सगळं माहीत आहे. तरी तुला खरं सांगते, त्या क्षणी मला ते पटलं. येताना मी मागच्या सीटवर अशी ताठ बसले होते, की रस्त्यातली पोरं बाजूला झाली.

तो डेहराडूनला तुझ्याकडे इतके दिवस होता. त्यानं तुलाही दिली का? दिली असेल तर मला कळवू नकोस.

शरच्चंद्ररावांस नमस्कार. आता माझ्यावरचा लोभ थोडा वाढवलास तरी हरकत नाही.

तुझी,
शामलाताई