एकविसावी सुपारी

फुलपाडा, विरार (पूर्व)

प्रिय हेमांगी,

अनेक आशीर्वाद. फोनवर तू बोलतेस आणि मी केवळ हुंकार देतो, म्हणून हे पत्र. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे असले तरी अक्षर वाचता येईल असे आहे.

तुझ्या कन्यादानास काशिनाथकाका व लीलाकाकू यांनी बसावे, असे मी तुला परवा सांगितले. विधी जोडप्याचा असतो. तुझ्या आईला जाऊन दीड वर्ष झाले. सबब माझा प्रश्न उरत नाही, हे माझे म्हणणे. तू फोन ठेवून दिलास.

इकडे सर्व ठीक. सकाळी चहा अद्याप दोन कप होतो. दुसरा मी निवल्यावर पितो. शेजारच्या मनोरमाबाई डबा देऊ करतात. मी आभार मानून नाकारतो.

धातूंच्या संशोधनास लागलीस त्या दिवाळीत, तू नेमके काय शिकतेस असे मी विचारले होते. गास गावच्या मामांच्या वाडीतील सुपाऱ्या घेऊन तू जमिनीवर सारख्या लांबीच्या दोन रांगा मांडल्यास. एकीत वीस, दुसरीत एकवीस. प्रत्येक सुपारी म्हणजे अणूंच्या एका ओळीचे टोक, असे समजायचे होते. मिश्रधातूत दोन प्रकारचे स्फटिक एकमेकांस टेकतात, पण त्यांच्या ओळींमधले अंतर सारखे नसते. आरंभी जोड्या जुळतात, मग सरकत सरकत एका ओळीसमोर कोणीच उरत नाही. मी म्हणालो, तो दोष आहे, काढून टाकावा. तू म्हणालीस, "बाबा, सगळ्यांची जोडी बळेच लावली तर ताण साठतो आणि सांधा तडकतो. ही एक बिनजोडीची राहते, म्हणून बाकीच्या सुखाने जुळतात. तुम्ही लावलेल्या सांध्यांतसुद्धा अशा हजारो असतील."

एकतीस वर्षे मी वसईच्या कारखान्यात पोलादी हत्यारांना कठीण धातूची टोके डाख लावून जोडली. माझ्या सांध्यात खोट आहे, असे आमचे मालक गॅब्रिएलशेठही कधी म्हणाले नाहीत. दोन दिवस मी तुझ्याशी बोललो नाही. आई मात्र हसली. जास्तीची सुपारी तिने अडकित्त्यात धरली आणि म्हणाली, "हिला कोन नाय ना? मग ही माझी."

काल मी त्या रांगा पुन्हा मांडल्या. गुडघ्यांमुळे वेळ लागला. वीस आणि एकवीस. एक उरली. ती उचलायला घरात कोणी नव्हते. मीच काढून पाहिली, तर त्या जागी खळगा दिसू लागला. परत ठेवली आणि दुपारभर पाहत बसलो.

पत्नी हयात नसलेल्या पुरुषाने तिच्या जागी कमरेला सुपारी खोचून विधीस बसावे, अशी रीत आहे. ती मला परवाही ठाऊक होती. मांडवात चारचौघांसमोर एकटा दिसेन, याची लाज वाटली, म्हणून मी तुला नियम सांगितला. कन्यादान मीच करावे, ही तुझी इच्छा अद्याप असेल तर काशिनाथला मी स्वतः कळवीन. पाटावर मी बसेन. पूजेच्या सामानात ती एक सुपारी धरू नकोस. एकविसावी मी वेगळी काढून ठेवली आहे.

उत्तराची वाट पाहणारा, तुझाच,
बाबा