चमी म्हणवून घेण्याचा हक्क

श्रीवर्धन, १५ नोव्हेंबर १९३१
माझा शाळेतला दोस्त हरेश्वर आगबोटीने मुंबईहून आला. बी.ए. झाल्यापासून चालतो असा, जणू बंदर त्याच्या बापाचं. शेजारच्या नलूच्या ओटीवर बसून मला म्हणतो, "या घराशी आपलं अगदी चमी आहे हो, रघू." नलू हसली. हसण्यासारखं काय होतं? उद्यापासून त्या घरात पाऊल टाकणार नाही.

१६ नोव्हेंबर
गेलो. उपरणं राहिलं होतं.

१७ नोव्हेंबर
हेडमास्तरांकडून इंग्रजी कोश आणला. चमी: सलगीचा, मोकळ्या वागणुकीचा. बोलण्यातला शब्द; अर्जात घालू नये. मूळ 'चम', म्हणजे कॉलेजात एका खोलीत राहणारा सोबती. 'चेंबर-फेलो' आखडून झाला असावा, असा तर्क.
बस्स! हरेश्वर शेवटपर्यंत गिरगावात मामाकडे राहिला. होस्टेलात राहिलो मी. (कॉलेज मी सोडलं. प्रोफेसरशी तत्त्वाचं भांडण. खोलीतल्या सोबत्याशीही भांडण होतं, पण ते वेगळं.) तेव्हा या शब्दावर हक्क माझा.

१९ नोव्हेंबर
हरेश्वरला सुनावलं. म्हणाला, "बरं बाबा, चमी तू. मी आपला पाहुणा." निमूट कबूल! हेच का ते बी.ए.?

२२ नोव्हेंबर
आता मागच्या दाराने जातो. हरेश्वर बाहेर जाजमावर, त्याला कपबशी. मला आत वाटीत चहा. वर नलूच्या आईने, अंबूकाकूंनी, सुपाऱ्यांची टोपली पुढ्यात सरकवली. "सोल रे जरा." परक्याला कुणी सुपाऱ्या सोलायला लावतं?

२७ नोव्हेंबर
बोटं सोलवटली. पण नलू शेजारी येऊन बसली. "तुझ्याशी कसं मोकळं बोलता येतं रे." मग विचारलं, हरेश्वर तापट आहे का, त्याला गोड काय आवडतं. घाबरते बिचारी त्याला! म्हटलं, महातापट, आणि गोड बघवत नाही. म्हणाली, "तापट तू आहेस, मेल्या."
मेल्या! यापुढे चमी काय असतं?

३० नोव्हेंबर
उद्या काकूंकडे सरळ मागणी घालणार.

१ डिसेंबर
सुरुवात छान केली. "काकू, मला घरचाच समजा..." पुढचं तोंडातच राहिलं. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "कसं रे ओळखलंस? नलूचं हरेश्वरशी ठरलं. तिला भाऊ नाही. लग्नात नवऱ्याचा कान कोण पिळणार, म्हणून जिवाला घोर होता. तूच पिळ."
हो म्हणालो. कान तर कान. असा पिळीन की पुन्हा ओटीवर चढणार नाही.

१४ डिसेंबर
होमापाशी हाक आली. कान धरला. अंगातली सगळी ताकद लावली. हरेश्वर कळवळला, मंडळी खदखदली. नलू खाली मान घालून पुटपुटली, "दादा, हळू रे. दुखतंय त्यांना."
आजवर नुसतं रघू म्हणायची.
सोडला. मानाचं पागोटं मिळालं, ते घेतलं. भटजी म्हणाले, भाऊ शोभतो.