आपला माणूस आहे, आधी कर

शहापूर
११ एप्रिल २०२४

ती. सौ. काशीताईस,
शेखरचा सा. न. वि. वि.

आम्ही इथे बरे आहोत. आईचा गुडघा आहे तसाच आहे आणि तिची कुरकुरही. आमच्या प्रियांकाची दहावी एकदाची संपली, आता घरात दिवसभर मोबाइल वाजतो. फोनवर तू मला दुसरं वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे लिहून पाठवतो आहे.

ताई, तुझ्या दुकानात पाइप घ्यायला आलेला मुरबाडातला प्रत्येक माणूस तू माझ्याकडे का धाडतेस? धाडतेस ते धाडतेस, वर चिठ्ठी देतेस की आपला माणूस आहे, आधी कर. काल माझ्या टेबलावर अशा सहा चिठ्ठ्या होत्या. सहाही आपले, सहाही आधी. मग मागे राहायचं कोणी? एकाने तर मिक्सर आणला. मी बोअरच्या मोटरींचं वाइंडिंग करतो, एवढं तरी लोकांना सांगत जा.

तानशाकडच्या फार्महाऊसवाल्याने तर कहर केला. त्याची कारंज्याची मोटर. तुझी चिठ्ठी कोर्टाच्या हुकमासारखी समोर धरून उभा राहिला. तुझा शब्द म्हणून त्याचं काम आधी केलं, तर माझं जुनं गिऱ्हाईक असलेला सुनिल रागावून कल्याणला निघून गेला.

माझा नियम तुला ठाऊक आहे. प्यायच्या पाण्याची मोटर पहिली, शेताची नंतर, शोभेची शेवटी. तुझ्या चिठ्ठीत यातलं काहीच नसतं. कृपा कर आणि चिठ्ठ्या बंद कर.

दाजींना नमस्कार. रागावशील हे माहीत आहे, पण माया कमी करू नकोस.

तुझा,
शेखर


मुरबाड
१४ एप्रिल २०२४

चि. शेखर यास,
काशीताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. वाचून अंगाचा तिळपापड झाला, पण तू धाकटा, म्हणून गिळला. दुकान उघडलंस तेव्हा तीन महिने माशा मारत बसला होतास, ते विसरलास वाटतं. तेव्हा याच चिठ्ठ्या गोड लागत होत्या. आता साहेबांच्या टेबलावर जागा नाही!

आणि तू तरी काय पाठवतोस? गेल्या महिन्यात तुझा माणूस टाकी घ्यायला येतोय म्हणालास. त्याने तुझ्या दाजींकडून सगळी माहिती काढून घेतली, दोन चहा प्याला आणि टाकी दुसरीकडून घेतली. मी काही बोलले का?

गिऱ्हाईक समोर केविलवाणं उभं राहिलं की मला नाही म्हणवत नाही. माझा भाऊ शहापूरला आहे, हे सांगताना मला बरं वाटतं, ही काय चूक झाली? कालच किन्हवलीपलीकडच्या पाड्यावरच्या जैतूला चिठ्ठी देऊन धाडलं आहे. गरीब माणूस आहे, त्याच्यावर ओरडू नकोस.

आईला गरम पाण्याने शेकायला सांग. तुझ्या जिभेला आवर घाल आणि आमची आठवण ठेव.

तुझी,
काशीताई


शहापूर
२३ एप्रिल २०२४

ती. सौ. काशीताईस,
सा. न. वि. वि.

आज खुशालीचं काही लिहीत नाही.

तुझा जैतू तेरा तारखेला मोटर खांद्यावर घेऊन आला. मी चिठ्ठी पाहिली, तेच ते शब्द, खिळ्याला लावून टाकली. तो रोज सकाळच्या एसटीने यायचा, पायरीवर बसायचा, माझ्या हातांकडे बघायचा आणि दुपारी निघून जायचा. एका शब्दाने विचारलं नाही. नवव्या दिवशी त्याचा नंबर लागला, तेव्हा मी सहज विचारलं की शेत किती आहे. तो म्हणाला, शेताची नाय, पाड्याची हाय, प्यायच्या पाण्याची. मी डोक्याला हात लावला. आधी का नाही बोललास, म्हणून ओरडलो, तर म्हणतो की ताईंनी लिवलंय ना, मंग आमी वर काय बोलायचं.

तेहतीस घरं आहेत, ताई. नऊ दिवस ती ओढ्यातल्या एका डबक्यावर होती. त्याच दिवशी काम उरकलं आणि टेम्पो करून मी स्वतः मोटर घेऊन गेलो. जैतूची बायको हिरी डबक्याशी बसून करवंटीने हंडा भरत होती. एका हंड्याला तास लागतो, आणि ते पाणीसुद्धा गढूळ. पाड्यावरची दोन पोरं जुलाबाने आडवी होती. आता उठली आहेत.

वाटेत तुझा इतका राग आला की तू समोर असतीस तर आपण आयुष्यभराचं भांडलो असतो. तू सगळ्यांसाठी एकच लिहितेस, म्हणून मी वाचणंच सोडलं होतं. पण विचारायला तोंड मलाही होतं. तेही मी उघडलं नाही.

इतकंच. दाजींना नमस्कार सांग.

शेखर


मुरबाड
४ मे २०२४

चि. शेखर यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी भांडायलाच लिहायला बसले होते. लिहिता लिहिता आठवलं. जैतूने मला सांगितलं होतं, शेखर. मोटर प्यायच्या पाण्याची आहे, हे माझ्या कानांनी मी ऐकलं होतं. तेव्हा मी दुसऱ्याला पाइप मोजून देत होते. न बघता नेहमीचं लिहिलं आणि कागद त्याच्या हातात दिला.

आता कोणी आलं की पाणी कशाला हवंय ते विचारते आणि तेच लिहिते. शोभेवाल्यांना तोंडावर सांगते की थांबावं लागेल. एकदोघं फणकारून गेले. जाऊ देत.

पण मी लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. काल जैतू आणि हिरी दुकानात आले. मला वाटलं, आता चार शिव्या ऐकायच्या, आणि त्या मी ऐकल्या असत्या. तर हिरीने पानाच्या द्रोणातली करवंदं माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, ताईंची चिठ्ठी व्हती म्हून नऊ दिवसांत झालं, नायतर आमाला कोन इचारतंय. आणि माझ्या पाया पडायला वाकली रे ती!

मी तिला उठवलं, चहा दिला, पण खरं काय ते माझ्या तोंडून निघालं नाही. पुढच्या रविवारी दुकान बंद ठेव आणि किन्हवलीच्या स्टँडवर ये. पाड्यावर जाऊन सांगायचं आहे, आणि एकटीने जायची माझी हिंमत नाही.

कळावे. माझ्यावर चिडलास तरी ये.

तुझी,
काशीताई