आणखी एक टेबल

५ एप्रिल १९९३, सोमवार
आजपासून रोजनिशी. कंपनीत कॉम्प्युटर आला! आनंदनगर एमआयडीसीत आमच्या गल्लीत पहिलाच. वर्क्स मॅनेजर हिंदुरावसाहेब म्हणाले, शशिकांत, पंपाचे पार्ट तपासता त्याचा सगळा डेटाबेस करा, कस्टमरला दाखवायचाय. हो म्हणालो. डेटाबेस म्हणजे काय ते घरी येऊन पुस्तकात पाहिलं. किरकोळ काम आहे. पंधरा दिवसांत उडवतो.
कॅम्प दोनच्या कॉम्प्युटर क्लासमधून ऑपरेटर येणार आहे. काम संपेपर्यंतच.

७ एप्रिल, बुधवार
ऑपरेटर आली. मीनल. बदलापूरची. आल्या आल्या विचारलं, रिजेक्ट झालेला पार्ट रिवर्क होऊन पुन्हा तपासायला आला की पहिली नोंद पुसायची का सर? म्हटलं, अर्थात. मग तो आधी रिजेक्ट होता हे कळणार कसं, म्हणाली. म्हणून पार्टचं टेबल वेगळं, तपासणीचं वेगळं, आणि पार्ट नंबरनं दोन्ही जोडायची. मला हेच म्हणायचं होतं.
हसते छान. चौतीस वर्षांत माझ्याकडे बघून असं कुणी हसलं नव्हतं.

२१ एप्रिल, बुधवार
घात झाला. काम संपलं. चार टेबलं: पार्ट, इन्स्पेक्टर, तपासणी, मापं. पळतंय झकास. मीनल खूश, म्हणाली शनिवार शेवटचा दिवस.
संध्याकाळी पुस्तकात नियम सापडला: एकच माहिती दोन ठिकाणी लिहू नये. आमच्याकडे गेजची, म्हणजे मापायच्या साधनांची, नावं दोन ठिकाणी आहेत! गेजचं टेबल वेगळं हवंच. यात माझा काडीचा स्वार्थ नाही.

२४ एप्रिल, शनिवार
साहेबांना पटवलं. मीनल राहतेय. ऐकून गप्पच झाली. आनंद झाला की काही मुली बोलत नाहीत.

११ मे, मंगळवार
रिजेक्शनच्या कारणांचं टेबल झालं. पाळीचंही: दिवसपाळी, रात्रपाळी. मीनल म्हणाली, दोन रेकॉर्डसाठी टेबल, सर? म्हटलं, उद्या तिसरी पाळी सुरू झाली म्हणजे? मान हलवून टाइप करायला लागली.
गेटवर तिला न्यायला एक मोटरसायकलवाला येतो. भाऊ असणार. बहिणीची इतकी काळजी हल्ली कोण घेतं!
माईला सगळं सांगितलं. म्हणाली, अरे विचार ना तिला सरळ, टेबलं कसली मांडत बसलायस? आई झाली तरी तिला डिझाइनमधलं काय कळणार.

१८ जून, शुक्रवार
शुक्रवार म्हणजे एमआयडीसीची सुट्टी. तरी बोलावलं, तरी आली. विचारायचंच ठरवून गेलो होतो. तोंड उघडणार तेवढ्यात तीच म्हणाली, आठवड्याभरात नक्की संपेल ना सर? केवढी ही कामाची तळमळ! म्हटलं, अवघड आहे, रिजेक्ट पार्टला लावायच्या रंगांचं टेबल बाकी आहे. तिचे डोळे भरून आले.
मला कळतं. माझंही तसंच होतं.

१९ ऑगस्ट, गुरुवार
अधिक महिना लागला. अकरा टेबलं झाली. एक नोंद मागितली की चहा पिऊन यावं, तेव्हा कुठे स्क्रीनवर उगवते. साहेब म्हणाले, यापेक्षा जुनी कागदी कार्डं बरी होती रे बाबा.
मीनल पंधरा दिवस आली नव्हती. वडील गेले तिचे. बरेच दिवस आजारी होते म्हणे. भेटायला जायचं होतं, पण बोलायचं काय? परवा आली, थेट कामाला बसली. फार वाईट वाटलं. अशा वेळी तिचं मन कामात गुंतलेलं बरं, म्हणून बारावं टेबल काढलं.
संकल्प: दिवाळीनंतर विचारायचं. म्हणजे विचारायचंच.

२२ नोव्हेंबर, सोमवार
इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. मीनलनं काम संपवून ठेवलं होतं. सुट्टीच्या दिवशी एकटीनं येऊन बारा टेबलांची पुन्हा चार केली. नंबर टाकला की नोंद हजर.
मग पत्रिका दिली. ५ डिसेंबर. मुलगा मधू, मोटरसायकलवाला. लग्न मेमध्येच होतं. काम लांबलं म्हणून जूनवर गेलं, ते हुकलं आणि चातुर्मास लागला, त्यात यंदा अधिक. आता वडिलांचं वर्ष व्हायच्या आत उरकायचंय. मधल्या काळात सासरचे मोडायलाच निघाले होते.
मग सोडून का नाही गेलीस? तर म्हणाली, सर, तुम्ही एवढा जीव लावून करत होता. मी मध्येच गेले असते तर सगळे तुम्हाला हसले असते.
काही विचारलं नाही. पत्रिका खिशात घातली.

५ डिसेंबर, रविवार
रजा टाकून बदलापूरला गेलो. मधूनं वाकून नमस्कार केला. म्हणाला, तुमच्या हाताखाली ही फार शिकली.
कन्यादान तिच्या काकांनी केलं. मीनलची आई माझ्याशेजारी उभी होती. म्हणाली, ह्यांनी मेच्या लग्नासाठी धोतरजोडी आणून ठेवली होती हो, अंथरुणात उठून बसायचे आणि विचारायचे, पोरीचं ऑफिसातलं संपलं का.
मी म्हटलं, काम फार होतं.
हो ना, म्हणाली. मग माझा हात धरून पंगतीत नेलं, स्वतः जिलबी वाढली, आणि मी खाईपर्यंत समोर उभी राहिली.