नदीकाठ तिचा होता

राजेश्वरी,

सकाळी तू अंघोळीला गेलीस आणि गेममधली तुझी चाल मी खेळलो. बारा चाली तू तुझी माणसं नदीच्या मुखाकडे नेत होतीस. मी त्यांना डोंगराखाली थांबवून शहर वसवलं, वर सेव्हही केलं. आता ते हलवता येत नाही. तिथे पाणी नाही, पीक नाही. तू स्क्रीन बघून "वा, मालक!" एवढंच म्हणालीस आणि कान्हे गावातल्या शाळेत शिकवायला निघून गेलीस.

मी हसलो. मग लाज वाटली. हायवेलगतचा सोमाटण्याचा फ्लॅटही मी असाच ठरवलाय. तळेगाव स्टेशनजवळ घर हवं, हे तू तीनदा सांगितलंस आणि तिन्ही वेळा मी तुला हायवेचे फायदे शिकवले. रोज लोकलने कान्ह्याला जायचंय तुला, आणि अक्कल पाजळतोय मी. असला माज.

आज चारला बिल्डरकडे दोघांच्या सह्या होत्या. तू येऊ नकोस. सही करणार नाही, हे सांगायला मी एकटाच चाललोय. बिल्डर बोंबलला तर बोंबलू दे.

पिठलं झाकून ठेवलंय. आलो की स्टेशनकडची घरं बघायला जाऊ. पुढे तू चाल. मी मध्ये तोंड घातलं, तर चारचौघांत "मालक" म्हण.

दिगंबर