खाडीकडची जागा आणि काशीराम गडगा

मी, रेणुका काशीराम तांबे, वय त्र्याहत्तर, अविवाहित, दुय्यम निबंधक कार्यालयातून निवृत्त, राहणार रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणण्याचा प्रयत्न झाला, त्या मंडळींची नावे किंवा पदे पुढे यथास्थळी येतील. मी शुद्धीवर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी गोंधळलेलीही आहे. त्याचा दाखला मिळत नाही आणि कायद्याची त्याला हरकत नाही.

१. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिल्यात मी खाडीकडची जागा सभागृह समितीला दिली होती, दुसऱ्यात काढून घेतली होती. दोन्ही वेळा मला माझे बरोबरच वाटले होते.

२. राहते घर आणि बँकेतील ठेवी माझ्या दिवंगत भावाची मुले, प्रज्ञेश आणि दर्शना, यांना समान. प्रज्ञेशने घर लगेच विकू नये. विकलेच, तर शेजारच्या वकिलांना विकू नये. त्यांनी माझा शेवगा मला न विचारता तोडला आहे.

३. माझ्याकडे स्वयंपाक करणारी जनी मोहिते हिला फ्रिज, मिक्सर, दोन्ही कपाटे आणि माझ्या कानातल्या कुड्या. "बाई, तुमचं डोकं फिरलंय," हे ती मला तोंडावर सांगते. बाकीचे फोनवर एकमेकांना सांगतात.

४. आता खाडीकडच्या उतारावरची जागा. ती वडिलांनी निवृत्तीच्या पैशातून घेतली आणि माझ्या नावे केली. प्रज्ञेशला तिथे लॉज काढायचे आहे. समितीला तिथे शहरासाठी संगीत सभागृह बांधायचे आहे. सभागृहाचा आराखडा दर्शनाचा आहे. ती वास्तुविशारद आहे आणि उत्तम आहे. हे इथे लिहिते, कारण तोंडावर सांगणे मला जमलेले नाही.

आराखडा मला समजला तो असा. सातशे माणसे बसतील आणि शेवटच्या रांगेपर्यंत गाणे माईकशिवाय पोहोचेल. बाहेरून जांभ्याचा चिरा, आतून लाकूड, छप्पर उतरते, म्हणजे आजूबाजूच्या जुन्या कौलारू घरांवर ते डोके काढणार नाही. बैठकीत समितीतल्या एका गृहस्थांनी पहिला प्रश्न विचारला, की लग्नाला भाड्याने देता येईल का. दर्शना माझ्याकडे बघून हसली. इथपर्यंत मी तिच्या बाजूने होते.

मग तिने नकाशात इमारतीच्या मागच्या बाजूला बोट ठेवले. सभागृहाच्या भिंतीला उघडझाप करता येणारे उभे झरोके आणि त्यांच्यासमोर, उघड्यावर, बसता येईल एवढा रुंद अर्धगोल गडगा. ज्यांना तिकीट परवडत नाही त्यांनी तिथे बसून फुकट ऐकावे. खाली नाव घातले होते: काशीराम गडगा.

गडगा आपल्याकडे घरामागच्या प्रत्येक परड्याला असतो. गुरे आत शिरू नयेत म्हणून दगडावर दगड रचून घालतात.

५. माझे वडील, कालकथित काशीराम तांबे, प्राथमिक शिक्षक होते. गावच्या देवळात उत्सवाला मुंबईहून गवई येत. आम्हाला आत मज्जाव होता, म्हणून वडील गडग्याबाहेर उभे राहून ऐकत. छप्पन्न साली आम्ही बौद्ध झालो. त्यांनी देवाला हात जोडणे सोडले, गाणे त्यांना सोडवेना. "काशीराम, धर्म सोडलास आणि गडगा तेवढा धरून बसलास," असे वाडीतले त्यांना ऐकवत. ते ऐकून घेत आणि पुढच्या उत्सवाला मला खांद्यावर घेऊन पुन्हा तिथेच उभे राहत. मला सांगत, "आतल्यांना पेटी ऐकू येते. गाणं इथवर येतं."

मी कॉन्व्हेंटमध्ये जाईपर्यंत हे खरे मानले. तिथे सिस्टर मला रिटा म्हणत आणि चॅपेलमध्ये पुढच्या बाकावर गायला बसवत. एका स्नेहसंमेलनात मी एकटीने गायले. पुढच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, कोणाला कसली बंदी नव्हती. वडील बाहेर, खिडकीशी उभे. सिस्टर स्वतः बोलवायला गेल्या, तरी आत आले नाहीत. घरी मी कारण विचारले. म्हणाले, "आत उकडत होतं."

जानेवारी होता.

त्यांना बाहेरून खरोखर अधिक गोड लागत होते, की बाहेर उभे राहणे अंगात मुरले होते, हे मला तेव्हा कळले नाही. मी जन्मभर दस्त वाचले. ते एक वाक्य मला अजून वाचता येत नाही.

६. दर्शनाशी माझे भांडण झाले ते नोंदवते, कारण प्रज्ञेश ते वेगळे सांगेल. मी तिला म्हटले, की तिकीटच काढून टाक, म्हणजे बाहेर कोणाला बसवावे लागणार नाही. ती म्हणाली, की मग सभागृह चालवायचे कशावर. नंतर म्हणाली, "आत्या, आजोबा जिथे उभे राहिले, ती जागा मी चांगली करतेय."

"त्यांना चांगलं बाहेर नको होतं. त्यांना आत हवं होतं."

"असं ते म्हणाले होते तुला?"

नव्हते म्हणाले. मी तिला जेवायला थांब म्हटले नाही आणि ती थांबली.

समितीचे अध्यक्ष दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आले. वडिलांचा केवढा मोठा सन्मान आहे, हे त्यांनी मला समजावून सांगितले. मी विचारले, "उत्सवात तुमचे वडील कुठे बसायचे?"

"आत. पुढेच."

"मग त्यांचा सन्मान कुठे केलाय आराखड्यात?"

त्यांनी चहा संपवला. पेढे जनीने घरी नेले.

७. दर्शनाच्या झरोक्यांमुळे गडग्यावर आतल्याइतकेच, किंबहुना मोकळ्या हवेमुळे अधिक चांगले ऐकू येईल, असे समितीने मला लेखी कळवले आहे. मी ते खरे धरून चालते. सबब जागा समितीला देते, ती पुढील अटीवर. अध्यक्ष, पदाधिकारी, देणगीदार, प्रमुख पाहुणे आणि या सर्वांची कुटुंबे यांच्या राखीव जागा कायमस्वरूपी गडग्यावर असाव्यात आणि सगळ्यांत महाग तिकीट गडग्याचे असावे. आत एकही जागा राखीव नसावी. ज्याला तिकीट परवडत नाही त्याला आत बसवावे, आणि तो मागेल तिथे बसवावे. नाव काशीराम गडगाच राहू द्यावे.

वडील खरे बोलत असतील, तर या मंडळींना सगळ्यांत चांगले गाणे मिळेल. नसतील, तर मला आयुष्यभरात न कळलेली गोष्ट त्यांना एका कार्यक्रमात कळेल.

हे कलम मी दर्शनाला वाचून दाखवले. तिने कागद माझ्या हातून घेऊन पुन्हा वाचला. मग म्हणाली, "आत्या, पावसात अध्यक्ष कुठे बसतील?"

मी म्हटले, छप्पर घाल. गडग्यावर छप्पर घालावे, हे तिला तोवर सुचले नव्हते. तिच्या चेहऱ्यावरून ते तिलाही लागलेले दिसले. मला वाईट वाटले आणि बरेही वाटले.

माझ्या पश्चात एका वर्षात समितीने अट मान्य न केल्यास जागा प्रज्ञेशला द्यावी. त्याने खुशाल लॉज काढावे. लॉजमध्ये निदान पैसे भरले की कोणीही आत जातो.

८. समितीने अट आधीच मान्य केली, मी जागा हयातीतच दिली आणि सभागृह उभे राहिले, तर मला कुठे बसवावे, असे दर्शनाने विचारले आहे. मी "आत" लिहिले आणि खोडले. "गडग्यावर" लिहिले, तेही खोडले. कोरी जागा असलेला दस्त मी नोकरीत कधी स्वीकारला नाही, हा मात्र तसाच ठेवत आहे:

मी ........................ बसेन.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला आणि आठव्या कलमाखेरीज मला मान्य आहे. जनीला साक्षीदार व्हायचे होते. ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये, तेव्हा सही हवी की फ्रिज, असे विचारल्यावर तिने फ्रिज घेतला. म्हणून खालील दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत.

रेणुका काशीराम तांबे (सही)

साक्षीदार:
१. यमुनाबाई सकपाळ, शेजारीण (सही)
२. अमरदीप कदम, निवृत्त शिक्षक (सही)

ठिकाण: रत्नागिरी
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४