अक्षर अश्विनीचं, आकडे यांचे

मंगळवार, संध्याकाळ. लातूर.

यांचं तेरावं होऊन चार दिवस झाले. आज यांच्या विभागाचे प्रमुख आले होते. चाकूरच्या विहिरींच्या पाण्यावर यांचा जो शोधनिबंध होता, त्यातले आकडे खोटे निघाले. उद्या चौकशी आहे. म्हणाले, "वहिनी, सरांवर काही येऊ देत नाही. नमुन्यांच्या नोंदवहीत अक्षर त्या अश्विनीचंच हाय. पीएचडी गेली तर गेली, पोरीची जात, लग्न होऊन जाईल."

मी गप्प बसले. ते होकार समजून गेले.

अक्षर तिचं असणारच. यांची पद्धतच ती होती, सरांनी सांगायचं आणि विद्यार्थ्याने लिहायचं. विहिरींचे नमुने आणायच्या दिवशी यांचा गुडघा दुखत होता, चाकूरला कुणी गेलंच नाही. याच खोलीत बसून यांनी आकडे सांगितले. अश्विनी म्हणाली होती, "सर, मी एकटी जाऊन येते ना." हे म्हणाले, "लिही." मी चहा देत होते. मी तरी तेव्हा काय बोलले?

अक्षर तिचं, आकडे यांचे. तिच्याशिवाय हे ऐकलेली मी एकटीच.

आत्ता प्रमुखांना फोन केला. म्हटलं, उद्या मी येते, ऐकलं ते सांगते.

"वहिनी, सभागृहाला सरांचं नाव देऊ लागलोत आपण. पाटी रंगवायला टाकली हाय."

"थांबवा," म्हटलं आणि ठेवला.

लग्नापासून यांचं नाव कधी तोंडाने घेतलं नाही. उद्या घ्यावं लागेल, चारचौघांत, आणि तेही यासाठी.